टाच टेकली कधी? – प्रस्तावना

चालणाऱ्या माणसाबद्दल मोजून सांगता येईल असे जे काही असते, त्यातले बहुतेक सगळे दोन क्षणांना टांगलेले असते. पाऊल जमिनीला लागते तो एक, आणि तेच पाऊल जमीन सोडते तो दुसरा. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन स्पर्शांमधला काळ म्हणजे चालीचे एक आवर्तन. धडधाकट प्रौढ माणसात ते सेकंदाच्या जवळपास भरते. त्यातला अंदाजे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असते, ४० टक्के हवेत. दोन्ही पावले एकाच वेळी टेकलेली असण्याचे दोन छोटे तुकडे त्यात येतात, प्रत्येकी १० टक्क्यांच्या आसपास. माणूस पळू लागला की हे तुकडे नाहीसे होतात. ढांगेची लांबी, दोन पायांतला भाराचा फरक, गुडघा कुठल्या टप्प्यावर किती वाकला, कुठला स्नायू वेळेआधीच आवळला गेला, ही सगळी विधाने या दोन क्षणांपासून मोजली जातात. तेच हलले की पुढचा प्रत्येक आलेख सरकतो.

किती सरकतो, याचा एक हिशेब मांडून पाहू. सेकंदाच्या आवर्तनात २० मिलिसेकंदांची चूक म्हणजे २ टक्के. ऐकायला किरकोळ. पण पाऊल जमीन सोडते त्या सुमाराला निरोगी माणसाचा गुडघा झपाट्याने वाकत असतो, सेकंदाला ३०० अंशांच्या आसपास. तेवढ्या वेळात तो सहा अंश पुढे गेलेला असतो. आता सेरेब्रल पाल्सी असलेल्या एखाद्या मुलाचा विचार करा. पाऊल उचलताना त्याचा गुडघा पुरेसा वाकत नाही, बोटे जमिनीला घासतात. मांडीच्या पुढच्या रेक्टस फेमोरिस स्नायूचे खालचे टोक शस्त्रक्रियेने दुसरीकडे जोडावे का, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधताना डॉक्टर गुडघ्याचा आलेख आणि त्या स्नायूचे विद्युत्संकेत एकाखाली एक ठेवतात. स्नायू पाऊल उचलण्याआधी आवळला होता की पाऊल हवेत असताना, हे ज्या उभ्या रेघेवरून ठरते ती रेघ म्हणजे आपला दुसरा क्षण. ती कुणीतरी, कशाच्या तरी आधारे ओढलेली असते. हे पुस्तक त्या रेघेबद्दल आहे.

रेघ ओढण्याची धडपड बरीच जुनी आहे. गटिंगेनच्या विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी १८३६ साली चालण्याच्या यांत्रिकीवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्या हाताशी मुख्यतः घड्याळ, मोजपट्टी आणि डोळा होता. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचा विद्यार्थी गास्तों कार्ले यांनी १८७० च्या दशकात प्रश्न सरळ जमिनीशी नेला. बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी, तिथून निघालेली रबरी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढणारी काडी. पाय टेकला की हवा दाबली जाई आणि काडी उचलली जाई. मला हा बूट फार आवडतो. क्षण शोधण्याची भानगडच नाही. पाय स्वतःच खूण करतो. आजही तळव्याला चिकटवायचे स्विच मिळतात, ते याच बुटाचे वंशज. त्यांचे दुखणेही तेच आहे. पाय फरफटत नेणाऱ्या रुग्णाचा स्विच दाबलेलाच राहतो, आणि यंत्राच्या मते तो माणूस पाऊल उचलतच नाही.

मारे यांनी पुढे १८८२ पासून दुसरी वाट धरली. अंगभर काळा पोशाख, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पार्श्वभूमीपुढून चालणारा माणूस आणि एकाच काचेवर ठरावीक अंतराने उमटत जाणाऱ्या प्रतिमा. माणूस नाहीसा झाला, हलणाऱ्या रेघा उरल्या. लाइपझिगमध्ये विल्हेल्म ब्राउने आणि ऑटो फिशर यांनी १८९१ साली याच कल्पनेला त्रिमितीत नेले. अंगाला बांधलेल्या गाइसलर नळ्या अंधारात लुकलुकत होत्या आणि कॅमेरे वेगवेगळ्या बाजूंनी टिपत होते. नुसती बांधाबांध करायला तासन् तास जात, आणि मोजक्या पावलांचे गणित पुरे व्हायला वर्षे लागली. ‘माणसाची चाल’ या त्यांच्या ग्रंथमालेचे खंड १८९५ ते १९०४ या काळात निघत राहिले.

आजच्या मोशन कॅप्चरच्या दालनात तीच कल्पना आहे, फक्त हात वेगाने चालतो. अंगावर सुपारीएवढे किंवा त्याहून लहान, प्रकाश परतवणारे गोळे चिकटवायचे. भोवतीचे इन्फ्रारेड कॅमेरे सेकंदाला बहुधा १०० वेळा त्यांची जागा टिपतात. टाचेवरचा एक गोळा, चवड्यावरचा एक, घोट्यावरचा, कमरेवरचे. प्रत्येकाचे तीन आकडे: पुढे किती, बाजूला किती, वर किती. संगणकाला एवढेच ठाऊक असते. टाच, जमीन, स्पर्श यांतले काहीही त्याला माहीत नसते.

पण माणसाच्या डोळ्याचे तसे नाही. उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सांध्यांवर दिवे लावलेली माणसे अंधारात चालवली आणि त्यांचे चित्रण लोकांना दाखवले. थांबलेल्या चित्रात लोकांना डझनभर विखुरलेले ठिपके दिसले. चित्र हलू लागताच, कोणी काही न सांगता, चालणारा माणूस दिसला. ठिपक्यांच्या एका जागेत ही माहिती नसते, त्यांच्या एकत्रित हालचालीच्या आकारात असते. या पुस्तकाचा कणा असलेली आकृतिबंध जुळवण्याची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे, मग तिच्या गणितात योहान्सनचे नाव येवो न येवो.

आता कोणी विचारेल की दालनात फोर्स प्लेट असते, तिलाच का विचारू नये? जमिनीत बसवलेली ही तबकडी पावलाचा दाब सेकंदाला हजार वेळा मोजू शकते. उभा दाब १० किंवा २० न्यूटनांच्या वर गेला की पाऊल टेकले, खाली आला की सुटले. याहून विश्वासाचा साक्षीदार नाही, आणि बाकी सगळ्या पद्धती त्याच्याशीच ताडून पाहिल्या जातात. अडचण अशी की तबकडी फरशीच्या एखाद-दोन तुकड्यांएवढी, आणि माणूस आठ-दहा मीटर चालतो. एका फेरीत एखादे-दुसरे पाऊल नीट तिच्यावर पडते. लहान मुलाच्या ढांगा इतक्या आखूड असतात की दोन्ही पाय एकाच तबकडीवर येतात. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्याची काठीही तबकडीवर टेकते, आणि तिचा दाब पायाच्या खात्यात जमा होतो. रुग्णाला ‘यावर पाय द्या’ असे सांगितले तर तो नेम धरून पाऊल टाकतो, आणि मग ती त्याची चाल राहत नाही.

तेव्हा गोळ्यांच्या आकड्यांवरूनच क्षण ओळखणे आले. त्यासाठी नियम बनवणारे बरेच झाले, आणि त्यांतले काही नियम देखणे आहेत. २००८ साली झेनी, रिचर्ड्स आणि हिगिन्सन यांनी सुचवलेला नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो, कारण तो फळ्यावर दोन ओळींत मावतो. कमरेच्या मागच्या गोळ्यापासून टाच जास्तीत जास्त पुढे असते तेव्हा स्पर्श. चवडा जास्तीत जास्त मागे असतो तेव्हा सुटका. ट्रेडमिलवरही चालतो, कारण तिथे अंतर कमरेपासून मोजलेले असते. त्याआधी २००० साली रेल्याक आणि मार्शल यांनी टाचेच्या उभ्या प्रवेगाचा कळस धरला होता. खाली येणारी टाच जमिनीने अडवली की प्रवेग उसळतो, तो क्षण धरायचा.

हे नियम निरोगी चालीतून निघाले आणि निरोगी चालीवर उत्तम चालतात. ज्याच्यासाठी दालन बांधले, तो रुग्ण आला की ते अडखळू लागतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा चवडा आधी टेकतो, टाच कधी टेकतच नाही. प्रवेगाची उसळी मग टाचेवर येणार कुठून? पक्षाघातानंतर पाऊल लोंबकळत असेल तर चवडा जमिनीला घासत पुढे येतो, आणि ‘जास्तीत जास्त मागे’ या क्षणाला खरोखर जमीन सुटली की नाही हे नियमाला कळत नाही. प्रत्येक अपवादासाठी पोटनियम करत गेले की शेवटी पोटनियमांचीच फाइल तयार होते.

आकृतिबंध जुळवण्याची पद्धत इथे दिशाच बदलते. ‘स्पर्श कसा दिसतो?’ हे ती पुस्तकाला विचारत नाही, त्याच रुग्णाला विचारते. या रुग्णाचे एक पाऊल तबकडीवर नीट पडले आहे. त्या पावलाचा क्षण पक्का माहीत आहे. त्या क्षणाच्या आगेमागे गोळे कसे हलले तेवढा तुकडा कापून घ्यायचा. हा नमुना. मग तो उरलेल्या सगळ्या फेरीवरून एकेक फ्रेम सरकवत न्यायचा आणि कुठे सर्वांत चांगला बसतो ते पाहायचे. १९९० साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील स्टीव्हन स्टॅनहोप आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या तंत्राचा गाभा हाच होता. व्हायकॉनच्या नेक्सस सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटोकोरिलेट’ नावाची जी सोय आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे. तबल्याचा ठेका ऐकणाऱ्याला सम येण्याआधीच तिची चाहूल लागते. ती एका ठोक्याच्या नादावरून नव्हे, तिच्याकडे नेणाऱ्या बोलांवरून. नमुन्यातला क्षणही असाच आगेमागेच्या फ्रेमांच्या आधाराने ओळखला जातो.

गणित दिसते तितके अवघड नाही, पण त्यात दोन खड्डे आहेत. ते छोट्या उदाहरणाने दाखवतो. समजा, टाचेच्या गोळ्याची उंची लागोपाठच्या पाच फ्रेमांत मिलिमीटरमध्ये अशी आहे: ६२, ४८, ३५, २९, २८. तबकडी सांगते की स्पर्श चौथ्या फ्रेमला झाला. पुढे फेरीत एका ठिकाणी ६६, ५१, ३८, ३१, २९ हे आकडे सापडतात. जोडीजोडीने फरक काढून बेरीज केली तर १३. दुसऱ्या ठिकाणी ४०, ४१, ४३, ४७, ५२. तिथे टाच उचलली जाते आहे, आणि फरकांची बेरीज ७९. कमी फरकाची जागा निवडली, स्पर्श सापडला. इथवर सगळे सरळ.

आता मूल दमले. ते थोडे अधिक चवड्यावर चालू लागले आणि टाच सतत १२ मिलिमीटर वर राहू लागली. खऱ्या स्पर्शाचे आकडे झाले ७४, ६०, ४७, ४१, ४०. वळण हुबेहूब तेच, पण फरकांची बेरीज ६०. हा आकडा चुकीच्या जागेच्या ७९ ला जवळचा आणि बरोबर जागेच्या १३ पासून लांबचा. म्हणून लोक सहसंबंध गुणांक वापरतात. तो उंची विसरतो आणि नुसता आकार पाहतो. इथे तो पुरता १ येईल. हा पहिला खड्डा बुजला.

दुसरा याच डागडुजीतून तयार होतो. टाच जमिनीवर निवांत टेकलेली आहे, कातडी किंचित थरथरते आणि गोळ्याची उंची ३१.४, ३०, २८.७, २८.१, २८ अशी येते. जेमतेम साडेतीन मिलिमीटरची हालचाल, पण आकार नमुन्याचाच, एक दशांशाइतका लहान केलेला. सहसंबंध गुणांक पुन्हा १! गणिताच्या दृष्टीने हा निर्दोष स्पर्श आहे, आणि प्रत्यक्षात तिथे काहीही झालेले नाही. त्यामुळे आकार आणि आकारमान दोन्ही पाहावे लागतात. टाचेबरोबर चवडा, उभ्या हालचालीबरोबर पुढची हालचाल असे चार-सहा आलेख एकदम जुळवावे लागतात. आणि त्याच पायाचा एक स्पर्श सापडल्यावर अर्धे आवर्तन उलटेपर्यंत दुसरा स्वीकारायचा नाही असे बंधन घालावे लागते. या पुस्तकाच्या लेखिकेने चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांत हे सगळे टप्प्याटप्प्याने केले आहे. वाचकाने ती प्रकरणे कागद-पेन्सिल घेऊनच वाचावीत.

नमुना किती लांब घ्यावा, याला एक उत्तर नाही. फार आखूड घेतला तर तो कुठेही बसतो. फार लांब घेतला तर पावलापावलातला वेगाचा फरक त्यात शिरतो आणि तो कुठेच नीट बसत नाही. हा वेगाचा फरक सामावून घेण्यासाठी बोलणे ओळखण्याच्या क्षेत्रातून एक युक्ती आली. हिरोआकी साकोए आणि सेइबी चिबा यांनी १९७८ साली मांडलेल्या रीतीत काळाची पट्टी गरजेप्रमाणे ताणता-आवळता येते. शब्द कोणी सावकाश उच्चारला, कोणी घाईने, तरी तो ओळखू यावा, हा तिचा हेतू. चालीला ती चपखल बसते, पण ताणण्याला मर्यादा घालायला विसरलात तर ती कशालाही कशाशीही जुळवून दाखवते. माझ्या मते नवशिक्याने ही युक्ती सर्वांत शेवटी हाती घ्यावी.

अनेक पावलांची सरासरी काढून नमुना बनवण्याचा मोहही असाच. चांगला वाटतो, पण सरासरीत वळणाची धार बोथट होते, आणि धारेवरूनच तर क्षण ओळखायचा असतो. एक स्वच्छ पाऊल पाच पावलांच्या सरासरीपेक्षा पुष्कळदा उजवे ठरते. उजव्या पायाचा नमुना डाव्याला लावू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण एका अंगाला पक्षाघात झालेल्या माणसाच्या बाबतीत नेमके तेच करण्याची सोय सॉफ्टवेअर देते, म्हणून सांगतो.

आणि काही चाली अशा असतात की नमुना हाच शब्द तिथे थकतो. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाऊल मध्येच जमिनीला खिळते, टाच जागच्या जागी थरथरते, मग तीन-चार तोकडी पावले घाईने पडतात. त्याचे एक पाऊल दुसऱ्याची साक्ष देत नाही. वळतानाची पावले सरळ चालण्याच्या नमुन्याने शोधू नयेत, जिन्यावरची तर नाहीच. इथे पद्धतीचे गृहीतक उघडे पडते: माणूस स्वतःची पुनरावृत्ती करतो. बहुतेक माणसे करतात. जी करत नाहीत, त्यांच्यापुढे यंत्राने जुळणीचा गुणांक छापावा आणि निर्णय माणसाकडे सोपवावा, असे मला वाटते. गुणांक न दाखवता नुसती रेघ ओढून देणारे सॉफ्टवेअर मी वापरायला देत नाही.

गेल्या काही वर्षांत न्यूरल नेटवर्क या दालनात आले. किद्झिन्स्की, डेल्प आणि श्वार्त्झ यांनी २०१९ साली मुलांच्या चालीतले हे क्षण ओळखणारे नेटवर्क प्रसिद्ध केले. ते रुग्णालयात वर्षानुवर्षे जमलेल्या, माणसांनी खुणा केलेल्या नोंदींवर शिकले आहे. अशा नेटवर्कला नमुना द्यावा लागत नाही, हजारो नमुने त्याच्या पोटात असतात. ते चांगले काम करते यात शंका नाही. मात्र ज्या तऱ्हेची चाल त्या नोंदींत नव्हती ती समोर आली तर ते किती आत्मविश्वासाने चुकेल, हे बाहेरून दिसत नाही. महिन्याला मोजके रुग्ण तपासणाऱ्या केंद्राला स्वतःचे नेटवर्क शिकवण्याइतका साठा मिळणार नाही. एक स्वच्छ पाऊल मात्र मिळेल. लेखिकेने नेटवर्कला एकच प्रकरण दिले आहे. मला ते पुरेसे वाटते, तिच्या काही तरुण सहकाऱ्यांना वाटणार नाही.

मराठीत या विषयावर पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे लिहिले गेलेले नाही, आणि या पुस्तकाचा वाचक दोन ठिकाणचा आहे: फिजिओथेरपीचा विद्यार्थी, ज्याला चाल डोळ्यांनी वाचता येते पण सहसंबंध गुणांक म्हटले की घाम फुटतो, आणि इंजिनिअरिंगचा, ज्याचे उलटे असते. लेखिकेने दोघांनाही थोडे दमवले आहे, ते बरेच झाले. दालनाशिवाय काम करू पाहणाऱ्यांसाठी मोबाइल कॅमेऱ्यावरचे एक परिशिष्ट आहे. त्यातली एक सूचना ठळक करतो. ३० फ्रेमांच्या चित्रणात दोन फ्रेमांमधले अंतर ३३ मिलिसेकंद असते, त्यामुळे वर काढलेला २० मिलिसेकंदांचा हिशेब तिथे एका फ्रेमच्या आतच बुडतो. आणि माणसाला अनवाणी चालवा. चपलेची टाच पायाच्या टाचेपासून सुटून उशिरा वर येते. गोळा चपलेवर असेल तर तुम्ही चपलेची चाल मोजता.

पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात एका संपूर्ण फेरीचे आकडे छापले आहेत. ते आधी हाताने सोडवावेत. आलेख काढावा आणि स्पर्श-सुटकेच्या खुणा पेन्सिलीने कराव्यात; शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळ्या. दोघांच्या खुणांत किती फ्रेमांचा फरक पडतो तो वहीत लिहून ठेवावा. सहाव्या प्रकरणात नमुन्याने शोधलेल्या क्षणांच्या चुका त्याच मापाने तपासल्या आहेत, आणि तो आकडा हाताशी नसेल तर तिथला तक्ता वाचता येणार नाही.